एप्रिल-मे महिन्यांतला उशिराचा फ्रॉस्ट आणि अंगणातली झाडं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी ते बॉस्टन आणि शिकागो, डेट्रॉइट ते टोरांटो या सगळ्या पट्ट्यात घराभोवती झाडं लावणाऱ्या मराठी मंडळींकडून दर वसंतात फ्रॉस्टबद्दल, म्हणजे पानं-गवतावर बर्फाचा थर आणणाऱ्या रात्रीच्या थंडीबद्दल, हेच प्रश्न येतात. उत्तरं इथल्याच हवामानाची आहेत. तापमान अमेरिकेतल्या सवयीप्रमाणे फॅरनहाइटमध्ये दिलं आहे, गरज तिथे सेल्सियसही दिलं आहे.

हिवाळ्यात उणे २० सेल्सियस सोसलेलं झाड मे महिन्यात उणे दोनला कसं करपतं?

कारण मे महिन्यात त्याची थंडी सोसण्याची ताकद उतरलेली असते. दिवस लहान होऊ लागले की झाड हळूहळू सुप्तावस्थेत जातं, पेशींमधलं पाणी कमी करतं आणि साखर वाढवतं. अशा पेशींच्या बाहेर बर्फ झाला तरी आतला भाग टिकतो. थंडीचे ठरावीक तास पूर्ण झाल्यावर मात्र झाड फक्त उबेची वाट पाहत असतं. मार्चमध्ये आठवडाभर ऊन पडलं की डोळे (फांदीवरच्या मिटलेल्या कळ्या) फुगतात, त्यांत पाणी भरतं आणि ही तयारी सुटत जाते. ती परत यायला वेळ लागतो, आणि कोवळी पालवी एकदा बाहेर पडली की ती येतच नाही. कोवळ्या पानात पाणी भरपूर आणि पेशीभित्ती पातळ असते. बर्फाने पेशींची आवरणं फाटतात आणि सकाळी ऊन लागताच पान उकडल्यासारखं मऊ, काळपट होतं.

म्हणजे खरा घात करते ती आधीची अवेळी ऊब, कारण नंतरची थंडी पुष्कळदा नेहमीचीच असते. २००७ साली मार्च अतिशय गरम गेला, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात गोठवणारी थंडी आली आणि अमेरिकेच्या मध्य आणि आग्नेय भागात सुमारे २ अब्ज डॉलरचं पीक गेलं. २०१२ मध्ये मिशिगनमध्ये मार्चमध्येच उन्हाळा आल्यासारखं झालं आणि एप्रिलच्या थंडीत राज्यातलं सफरचंदाचं आणि आंबट चेरीचं बहुतेक पीक बुडालं. १८ मे २०२३ च्या पहाटे न्यूयॉर्क आणि न्यू इंग्लंडमधल्या बागांचं असंच झालं.

आमचा झोन ६ आहे आणि झाड झोन ५ चं घेतलं होतं. मग ते फ्रॉस्टमध्ये कसं करपलं?

झोनचा आकडा (कोणतं झाड कुठे तगेल हे दाखवणाऱ्या नकाशातला) वर्षातल्या सगळ्यात थंड रात्रीच्या सरासरीवरून काढतात. कडक हिवाळ्यात झाड जगेल का, एवढंच तो सांगतो. वसंतात ते किती लवकर फुटतं हे त्यात कुठेच येत नाही. झोन ४ चं जर्दाळू झोन ७ मध्येही जवळपास दरवर्षी फुलं गमावतं, कारण ते फार लवकर फुलतं. रोप घेताना झोनच्या जोडीला दोन गोष्टी विचारा: हे कधी फुलतं, आणि आपल्या गावात शेवटचा फ्रॉस्ट साधारण कधी पडतो. शेवटच्या फ्रॉस्टची तारीख शक्यतेच्या टक्क्यांनी दिलेली असते. ५० टक्क्यांची तारीख म्हणजे दोनातल्या एका वर्षी त्यानंतरही फ्रॉस्ट पडतो. नाजूक रोपांसाठी १० टक्क्यांची तारीख पाळावी.

नेमकं किती तापमानाला नुकसान होतं?

कळी कोणत्या अवस्थेत आहे त्यावर ते ठरतं. सफरचंदाचे आकडे सगळ्यात उपयोगी पडतात. डोळ्याचं टोक नुकतं चंदेरी दिसू लागलं असेल तर १५ फॅरनहाइटला (उणे ९) दहातली एखादी कळी मरते आणि २ फॅरनहाइटला (उणे १७) दहातल्या नऊ मरतात. हिरवं टोक दिसल्यावर हे आकडे १८ आणि १० होतात. कळ्यांचा गुच्छ उघडू लागला की २७ आणि २१. गुलाबी कळी पूर्ण दिसल्यापासून पाकळ्या गळेपर्यंत २८ आणि २५ (उणे २.२ आणि उणे ३.९). पीचचं झाड पूर्ण फुललेलं असताना २७ आणि २४.

हे आकडे साधारण अर्धा तास तेवढं तापमान राहिलं तर लागू होतात. फुलोऱ्यात २८ आणि २५ मध्ये केवळ तीन अंशांचा फरक आहे, म्हणून त्या दिवसांत दोन-तीन अंशांची उबही फार मोलाची ठरते. शोभेच्या झाडांच्या कोवळ्या पालवीसाठीही २८ हीच धोक्याची रेषा धरा.

अंदाज ३६ फॅरनहाइटचा होता, तरी गवतावर पांढरा थर कसा?

हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात. पान भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतं आणि जमिनीलगत चार ते आठ अंश कमी असू शकतात. म्हणून अमेरिकेतला 'फ्रॉस्ट अ‍ॅडव्हायजरी' ३३ ते ३६ अंशांच्या अंदाजावरच निघतो, आणि ३२ किंवा त्याखाली अंदाज असेल तर 'फ्रीझ वॉर्निंग'.

अंदाजात किमान तापमानासोबत ढग, वारा आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचं दव होऊ लागतं) हेही पाहा. दवबिंदू ४० च्या आसपास असेल तर दव पडताना उष्णता सुटते आणि तापमानाची घसरण मंदावते. दवबिंदू २० च्या घरात असेल तर हवा कोरडी आहे, तापमान बेलगाम खाली जातं, आणि पांढरा थर न दिसताही पालवी काळी पडते.

वारा सुटलेला असेल आणि उत्तरेकडून थंड हवेचा लोंढा येत असेल तर गोष्ट वेगळी. त्या रात्री वर उबदार हवेचा थर नसतो आणि खाली उरलेली उष्णता वारा उडवून नेतो. तेव्हा खाली दिलेल्या बहुतेक उपायांचा उपयोग फार थोडा होतो.

आज रात्री इशारा आहे. संध्याकाळी काय करायचं?

शक्य असेल तर दुपारीच बुंध्याभोवतालची माती सहा इंच खोल ओली होईल एवढं पाणी द्या. ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती वर सोडते, कोरड्या भुसभुशीत मातीला हे जमत नाही. लहान झुडपाभोवती लाकडाच्या भुशाचं जाड आच्छादन असेल तर ते त्या रात्रीपुरतं बाजूला ओढा. आच्छादन जमिनीतली ऊब वर येऊ देत नाही. मुळांच्या दृष्टीने ते चांगलं, पण आज वाचवायची आहे ती पालवी.

सूर्य मावळण्याच्या आधी झाकून घ्या. अंधार पडल्यावर झाकलं तर जमिनीतली बरीचशी ऊब निघून गेलेली असते. जुन्या सुती चादरी, ब्लँकेट किंवा बागेच्या दुकानात मिळणारं 'रो कव्हर' (रोपांवर पसरायचं हलकं कापड) चालतं. पातळ रो कव्हर दोन ते चार अंश वाचवतं, जाड सहा ते आठ. कापड चारी बाजूंनी जमिनीपर्यंत टेकलं पाहिजे आणि कडेवर विटा किंवा दगड ठेवले पाहिजेत. इथेच सगळ्यात जास्त चूक होते: लोक झाडाच्या डोक्यावर कापड टाकून बुंध्याशी दोरीने आवळतात. झाडाला स्वतःची ऊब जवळपास नसते, ऊब जमिनीतून येते, आणि आवळलेलं कापड तीच बाहेर ठेवतं.

पानांना टेकलेलं प्लास्टिक वाईट. जिथे ते टेकतं तिथली पानं हमखास जातात. प्लास्टिकच हाताशी असेल तर तीन-चार काठ्या रोवून त्यावर टाका, किंवा खाली चादर आणि वर प्लास्टिक असं करा. सकाळी तापमान ३२ च्या वर गेलं की झाकण काढा. प्लास्टिक तर ऊन चढायच्या आत काढा, नाहीतर आतल्या आत पानं शिजतात.

पंधरा फूट उंचीच्या मॅग्नोलियाला किंवा मेपलला झाकण्याचा खटाटोप करू नका. रात्री शिडीवर चढून चादर फेकताना फांद्या मोडतात, माणूसही पडतो. मोठं झाड पुन्हा फुटतं. मेहनत लहान, नवीन लावलेल्या आणि जुन्या (मागच्या वर्षीच्या) काडीवर फुलणाऱ्या झुडपांसाठी राखा.

झाडावर रात्रभर पाणी फवारलं तर?

व्यावसायिक बागांमध्ये ही पद्धत चालते. पाणी गोठताना प्रत्येक ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सुटते आणि सतत गोठत राहिलेलं पाणी कळीला ३२ च्या आसपास धरून ठेवतं. पण 'सतत' हीच अट कठीण आहे. तासाला साधारण अडीच ते चार मिलिमीटर पाणी, खंड न पडता, सकाळी बर्फ आपोआप वितळून गळू लागेपर्यंत द्यावं लागतं. मध्येच थांबलात, नळी गोठली किंवा पाणी कमी पडलं तर बाष्पीभवन सुरू होतं. ते गोठण्यातून मिळणाऱ्या उष्णतेच्या सुमारे साडेसात पट उष्णता ओढून नेतं आणि झाड कोरडं राहिलं असतं त्यापेक्षाही जास्त गार पडतं. बर्फ पारदर्शक आणि ठिबकता असेल तर काम नीट चाललं आहे, दुधाळ पांढरा दिसला तर पाणी अपुरं आहे. त्यात बर्फाच्या वजनाने फांद्या मोडतात. घरच्या बागेत साध्या स्प्रिंकलरने हे करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

गावाकडे द्राक्षबागेत थंडीत पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतात. तसं इथे करावं का?

निफाड परिसरात डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाच अंश सेल्सियसपर्यंत उतरतो, तेव्हा द्राक्षउत्पादक पहाटे ठिबक चालवतात आणि बागेत जागोजागी शेकोट्या करतात. माती ओली करण्याचा भाग इथेही तंतोतंत लागू आहे. शेकोटीचा फायदा होतो तो तिच्या उष्णतेचा आणि तिच्यामुळे हलणाऱ्या हवेचा. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता ते अडवू शकत नाहीत. शिवाय एका मोठ्या आगीपेक्षा अनेक लहान शेकोट्या लागतात, कारण मोठ्या आगीची गरम हवा सरळ वर निघून जाते. इथल्या उपनगरांत उघड्यावर जाळायला बहुतेक ठिकाणी बंदी किंवा परवान्याची अट असते. तो विचार सोडून द्या.

दिव्यांची माळ गुंडाळली तर?

जुन्या पद्धतीचे तारेचे बल्ब असतील तर उपयोग होतो. पाच-सात वॅटचे, नाताळच्या जुन्या माळांमधले मोठे बल्ब लहान झाडावर गुंडाळून वर चादर टाकली की आतली हवा काही अंश उबदार राहते. बल्ब कापडाला टेकू देऊ नका, माळ आणि वायर बाहेर वापरायच्या प्रतीची हवी. एलईडी माळेतून उष्णता जवळपास मिळत नाही. घरातला हीटर बाहेर नेऊन कापडाखाली ठेवणं धोक्याचं आहे.

सकाळी सगळी पालवी काळी पडली आहे. आता लगेच काय करू?

कात्री आत ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या आठवड्यात काय मेलं आणि काय जगलं हे कळत नाही. करपलेल्या पानांमागे फांदी बहुधा जिवंत असते आणि त्याच फांदीवर राखीव डोळे असतात. घाईने छाटलं तर तेच जातात. छाटणीमुळे नवे फुटवेही लवकर निघतात आणि पुढच्या थंड रात्रीत पुन्हा सापडतात. मे महिन्यात अशी दुसरी रात्र येणं नवलाचं नाही.

खतही देऊ नका. झाडाने साठवलेल्या अन्नातला मोठा हिस्सा पहिल्या पालवीवर खर्च झालेला असतो. नत्र देऊन त्याला आणखी मऊ वाढ करायला लावू नका. नियमित पाणी द्या: आठवड्याला पाऊस धरून एक इंच. करपलेल्या भागावर बुरशीनाशक मारायचं कारण नाही.

तीन-चार आठवड्यांनी, साधारण जूनच्या मध्याला, नखाने साल हलकी खरवडा. आत हिरवी आणि ओलसर असेल तर फांदी जिवंत. तपकिरी आणि कोरडी असेल तर थोडं खाली खरवडा, हिरवं लागेपर्यंत, आणि तिथल्या निरोगी डोळ्याच्या जरा वर कापा. बुंध्यावर जमिनीलगत उभी चीर किंवा सुटलेली साल दिसते का तेही पाहा. अझेलियाच्या बाबतीत हे विशेष. पानं करपणं तात्पुरतं असतं, पण बुंध्याची साल फाटली तर झाड उन्हाळ्याच्या कडाक्यात अचानक वाळतं. फाटलेल्या सालीवर रंग किंवा लेप लावू नका, ती मोकळी ठेवा.

जपानी मेपलची सगळी पानं मलूल लोंबत आहेत. गेलं का झाड?

बहुतेक वेळा नाही. जपानी मेपल लवकर फुटतो, म्हणून तो दरवेळी सापडतो. वाळलेली पानं काही आठवडे लोंबकळतात आणि भीती वाटते, पण दुसरी पालवी जूनपर्यंत येते. ती थोडी विरळ आणि आकाराने लहान असू शकते. शेंड्याकडच्या बारीक काड्या मरतात, त्या जूननंतर छाटा. कलमी झाड असेल तर कलमाच्या जोडाखालून आलेले फुटवे तोडा, नाहीतर लाल मेपलच्या जागी साधा हिरवा मेपल वाढेल. गिंकोची दुसरी पालवी आणखी हळू येते. त्याला जुलैपर्यंत मुदत द्या.

हायड्रेंजिया हिरवीगार आहे, पण दोन वर्षं फूल नाही. फ्रॉस्टमुळे?

फार शक्य आहे. मोठ्या पानांची, निळी-गुलाबी गोंडेदार हायड्रेंजिया मागच्या वर्षीच्या काडीवर फुलते. तिच्या कळ्या मागच्या उन्हाळ्याच्या शेवटीच तयार झालेल्या असतात. एप्रिलमध्ये काडीच्या टोकाचे हिरवे डोळे करपले की फुलं गेली. झुडूप बुडातून नवीन काड्या काढतं आणि जोमाने वाढतं, म्हणून त्याला काही झालं असेल असं वाटतच नाही. या जातीसाठी झाकण्याचा त्रास खरोखर वसूल होतो. शरद ऋतूत भोवती जाळीचं कडं करून त्यात वाळलेली पानं भरा. वसंतात ती एकदम काढू नका, एप्रिलभर थोडी थोडी कमी करत जा. ओकसारख्या पानांची जातही जुन्याच काडीवर फुलते.

एवढं जमणार नसेल तर जात बदला. 'अ‍ॅनाबेल' आणि 'लाइमलाइट' या प्रकारच्या हायड्रेंजिया त्याच वर्षीच्या नव्या काडीवर फुलतात, त्यांना एप्रिलच्या थंडीने फुलांपुरतं नुकसान होत नाही. 'एंडलेस समर' दोन्ही काड्यांवर फुलते, पण नव्या काडीवरची फुलं उशिरा आणि कमी येतात.

मॅग्नोलिया, लायलॅक?

मॅग्नोलियाच्या पाकळ्या तपकिरी झाल्या तर त्या वर्षीचा बहर संपला, झाडाला इजा नाही. लायलॅकच्या कळ्या गेल्या तरी आत्ता छाटू नका. त्याची छाटणी नेहमीच्या बहराच्या लगेच नंतर करायची, कारण पुढच्या वर्षीच्या कळ्या याच उन्हाळ्यात बनतात.

बॉक्सवूड, यू, स्प्रूस यांचे शेंडे पिवळे-तपकिरी झाले आहेत.

फक्त नवीन वाढ गेली आहे. कुंपणाची शोभा बिघडत असेल तर जूनमध्ये वरवर कातरा, नसेल तर तसंच ठेवा.

यंदा सफरचंद, पीच येतील का?

फ्रॉस्टनंतर दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी दहा-वीस फुलं तोडा, वेगवेगळ्या उंचीवरची. पात्याने आडवी कापून मधला स्त्रीकेसर पाहा. हिरवट असेल तर फूल जिवंत, तपकिरी किंवा काळा असेल तर मेलं. पाकळ्या शाबूत दिसल्या तरी फसू नका. सफरचंदाला पूर्ण पिकासाठी एकूण फुलांपैकी ५ ते १० टक्के धरली तरी पुरतात, त्यामुळे अर्धी फुलं जाऊनही झाड भरू शकतं. पीचला याहून जास्त लागतात. खालच्या फांद्यांवर नुकसान जास्त आणि शेंड्याकडे कमी दिसेल, कारण थंड हवा खाली साचते. फ्रॉस्टच्या वर्षी विरळणीची (जास्तीची लहान फळं काढण्याची) घाई करू नका. बी मेलेली लहान फळं जूनपर्यंत आपोआप गळतात. उरलेल्या काही सफरचंदांवर खरबरीत तपकिरी कडं दिसेल. ते फ्रॉस्टचं, फळ खायला उत्तम असतं.

पीक पूर्ण गेलं तरी त्या वर्षी झाडाकडे दुर्लक्ष करू नका. फळांचा भार नसल्याने ते फांद्या भरमसाट वाढवतं, तेव्हा नत्र द्यायचं नाही.

अंजिराच्या फांद्या काळ्या पडल्या.

बुडाशी जीव असेल तर नवे कोंब येतील. जुन्या काडीवरचा पहिला, लहान बहर गेला. मुख्य बहर नव्या वाढीवर येतो, तो उशिरा का होईना मिळू शकतो.

कढीपत्ता, मोगरा, जास्वंद कुंडीत आहेत. बाहेर कधी काढायचे?

रात्रीचं तापमान सलग ५० फॅरनहाइटच्या (१० सेल्सियस) वर राहू लागलं की. न्यू जर्सीत हे साधारण मेच्या उत्तरार्धात होतं, शिकागो, टोरांटोकडे पुष्कळदा जून उजाडतो. ही झाडं गोठण्याची वाट पाहत नाहीत. कढीपत्ता चाळिशीच्या रात्रींतच पिवळा पडून पानं गाळतो. बाहेर काढताना सात ते दहा दिवस सवय लावा: पहिले दोन-तीन दिवस सावलीत काही तास, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण दिवस. घरातून थेट दुपारच्या उन्हात ठेवलं तर पानं भाजून पांढरी पडतात आणि लोक त्याचा दोष थंडीला देतात.

एप्रिलमध्ये नर्सरीतून आणलेलं झुडूपच करपलं, शेजारचं जुनं मात्र ठीक. असं का?

दुकानात एप्रिलमध्ये पूर्ण पानांवर असलेली झुडपं बरेचदा दक्षिणेकडच्या राज्यांतून किंवा हरितगृहातून आलेली असतात. तुमच्या गल्लीतलं तेच झुडूप अजून डोळ्यांवर असेल तर आणलेलं रोप महिनाभर पुढे गेलेलं आहे. ते कुंडीतच ठेवा, थंड रात्री गॅरेजमध्ये न्या आणि शेवटच्या फ्रॉस्टनंतर लावा.

पुढच्या वेळी नुकसान कमी व्हावं म्हणून जागा कशी निवडावी?

थंड हवा जड असते, उतारावरून खाली वाहते आणि अडथळ्यामागे साचते. अंगणाचा सखल कोपरा आणि उताराच्या तळाशी असलेलं दाट कुंपण टाळा. कुंपण आधीच असेल तर बुडाशी फटी ठेवा. लवकर फुलणारं झाड दक्षिणेकडच्या भिंतीला लावण्याचा मोह होतो, पण ती भिंत दिवसा त्याला लवकर जागं करते. जर्दाळू, पीच, तारा मॅग्नोलिया यांना उत्तरेची किंवा पूर्वेची, उंचावरची जागा बरी.

मॅग्नोलिया हवाच असेल तर 'जेन', 'अ‍ॅन' यांसारखे उशिरा फुलणारे वाण किंवा पिवळ्या फुलांचा 'एलिझाबेथ' घ्या. सावलीसाठी ओक, हनीलोकस्ट, कटाल्पा आणि फळासाठी पर्सिमन ही उशिरा फुटणारी झाडं आहेत, त्यांचं नुकसान क्वचित होतं.

झाड मेलं आहे असं कधी ठरवायचं?

जुलैच्या मध्यापर्यंत कुठेच पालवी नसेल, बुंध्याची साल जमिनीपर्यंत खरवडून तपकिरी लागत असेल आणि काड्या वाकवल्यावर कडकन मोडत असतील तर. यातली एकच खूण असेल तर थांबा, पाणी चालू ठेवा आणि पुढच्या वसंतात पुन्हा तपासा.